मामांच्या जीपची पेटी

आमचे मामा कशालाही पटकन हो म्हणत नसत. न्हावऱ्याच्या बाजारात साधा नारळ घ्यायचा, तर दुकानदार वैतागेपर्यंत नारळ वाजवत बसायचे. "मला बघायलाबी तीन येळा आले," मामी हसत सांगायची, "शेवटी माझ्याच बापानं तारीख धरली."

इनामगावच्या पुढे, घोड नदीच्या काठाला त्यांची वस्ती. तिथून डांबरीपर्यंत काळ्या रानातली वाट. पावसात जीपची मागची चाकं जागेवरच फिरत. आणि मामीला तर आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी दौंडला न्यावं लागे. मामांनी ठरवलं, जीपची पुढची चाकंही ओढती करायची. पुढचा आस मिळाला. राहिली ती इंजिनाची ताकद मागे-पुढे वाटून देणारी पेटी, ट्रान्सफर केस.

त्या पेटीपायी मामांनी शिरूर-दौंडचे भंगारवाले जेरीस आणले. डोळे मिटून हाताने दांडा फिरवायचे, कान लावायचे. एकीत साखळी, तर "ढिली पडंल." दुसरीत नुसते गिअर, तर "लई वाजती, आमच्या हिला सोसायचं न्हाई." तिसरीचा दांडा डाव्या अंगाला निघायचा आणि आसावरची त्याची जोडणी उजवीकडे. "मामा, पोरगी द्यायची हाय का?" भंगारवाला विचारायचा. "एकदा बसवली की बसवली. घाई नको," हे मामांचं ठरलेलं उत्तर.

कुरकुंभच्या कंपनीतून सुट्टी काढून मी गेलो, तर जीप दगडांवर चढवलेली. पेटी ठरायच्या आधीच यांनी जुना गिअरबॉक्स उतरवून ठेवला होता! "म्हंजी आणली की लगीच बसवता येती." मला रागच आला. मामी म्हणाली, "आसू दे रं. माझ्यासाठीच चाललंय त्यांचं."

मग झड लागली. भावकीतला ट्रॅक्टरही वाटेत रुतला. मामीचं एक डायलिसिस चुकलं, मग दुसरं. शेवटी आम्ही तिला बाजेवर घालून चिखलातून डांबरीला आणलं. दौंड यायच्या आत गाडीतच ती गेली. मामा तिच्या पायाशी बसून होते, पायांवरचा चिखल पुसत.

तेराव्यानंतर ते एकटेच दौंडला गेले. दांडा कुठल्या बाजूला, एवढंच विचारलं आणि समोर ठेवली ती पेटी घेऊन आले. फिरवूनसुद्धा पाहिली नाही.

परवा भर पावसात ते मला न्यायला डांबरीवर आले. वस्तीपर्यंत एवढा चिखल, पण जीप कुठे घसरली नाही. "मामा, पेटी झकास निघाली," मी न राहवून बोललो.

दारात त्यांनी इंजिन बंद केलं. उतरले मात्र नाहीत.

"कंचीबी चालली असती रं," म्हणाले.