आर्मसचा घरात बसायचा पहिला हिवाळा

माझ्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल, आर्मस लेहतोलाबद्दल, कोणी चांगलं बोलायला लागलं की मला आधी माझ्या टपालपेट्या आठवतात. किती मोडल्या त्याने, काही विचारू नका! रस्तेखात्याचा बर्फ काढायचा ट्रक घेऊन हा माणूस आमच्या कौप्पिला कॉर्नर गावातून असा सुटायचा की रस्त्याकडेला जे उभं असेल ते आडवं. आपण घाम गाळून दारापुढची वाट मोकळी करावी आणि याने त्या वाटेच्या तोंडाशी कमरेएवढा ढीग रचून निघून जावं. शिव्या घातल्या की काच खाली करून म्हणायचा, "मर्टा, बर्फ मी पाडत नाही. सरोवराला जाऊन सांग." स्वतःच्या दारातही तसाच ढीग टाकायचा, एवढं मात्र खरं. बायको बिचारी वेगळी आणि गाव वेगळं, असा भेद त्याने कधी केला नाही.

हाडाचा रस्त्याचा माणूस. त्याची मुलगी क्रिस्टिना जन्मली तेव्हा हा घाटावर बर्फ काढत होता. वर्नाला, माझ्या बहिणीला, इस्पितळात आमच्या वडिलांनी नेलं. लग्नाचे वाढदिवस, नाताळचं जेवण, सगळं वाऱ्याची दिशा बघून. वायव्येचा वारा सुटला की ताटावरून उठायचा. सरोवरावरचं बाष्प वाऱ्याने आमच्याकडे येऊन बर्फ होऊन पडतं, तेही पट्ट्यापट्ट्याने. तुमच्या दारात पडदा लागल्यासारखा कोसळेल आणि पुढच्या गावात लख्ख ऊन. आर्मस त्या पट्ट्याच्या मागे मागे आयुष्यभर फिरला.

आणि मग गेल्या उन्हाळ्यात त्याचं हृदय बंद पडता पडता राहिलं. छाती उघडून शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं, "लेहतोला, ट्रक बंद. आणि बर्फाला हात लावायचा नाही. एकदा जोर लावलात की संपलं." वर्नाने घरातली फावडी, बर्फ ढकलायची पत्र्याची मोठाली सुपडी, सगळं गोळा करून माझ्या सौनात, वाफेच्या न्हाणीघरात, आणून कोंबलं. मी आंघोळ कुठे करायची, ते मात्र मला कोणी विचारलं नाही.

त्याचा ट्रक शेल्बी नावाच्या पोरीला मिळाला. गुणी पोर. पहिल्याच बर्फाला आर्मसच्या दाराशी येऊन तिने ट्रकचं बर्फ ढकलायचं पातं वर उचललं, त्याच्या वाटेत चिमूटभर बर्फ टाकला नाही. मला बाई भरून आलं. आणि हा? शर्टावरच बाहेर येऊन ओरडला, "मी मेलो का गं? सगळ्यांच्या दारात टाकतेस तसा टाक!" ती काच खाली करून म्हणाली, "आर्मसकाका, आत जा, नाहीतर वर्नाकाकूंना हाक मारीन." मुकाट आत आला.

जानेवारीतली गोष्ट. हवामानवाल्यांनी सकाळीच सांगितलं होतं. दुपारपासून वायव्येचे जोरदार वारे, सरोवराच्या बाजूला दाट बर्फ, काही दिसणार नाही, गरज नसेल तर निघू नका. आर्मसच्या गोळ्या संपत आलेल्या, म्हणून वर्ना सकाळी लवकरच घाट उतरून सरोवराच्या खाडीकाठच्या गावात गेली. जाताना मला सांगून गेली, "मर्टा, याच्याजवळ बस. वारा सुटला की याच्या अंगात येतं." मी वेलदोड्याचा पाव आणि विणकाम घेऊन जाऊन बसले.

वारा सुटला आणि खरंच त्याच्या अंगात आलं. या खिडकीतून त्या खिडकीत, तिथून दारात, दारातून परत चुलीशी. ओट्यावर रस्तेखात्याचं बोलणं ऐकायचा छोटा रेडिओ, त्यातून खरखर आणि मधूनच शेल्बीचा आवाज.

"आर्मस, बस रे बाबा. माझे टाके चुकतायत."

"पूर्वेकडून आधी काढायला हवं होतं तिने," तो म्हणाला. "ही पोर पश्चिमेकडून येतेय."

"तिची ती बघेल."

फोन वाजला. वर्ना होती. औषधाच्या दुकानातून बोलत होती. "गोळ्या यायलाच दुपार झाली, पण मिळाल्या. इथे काय सुंदर ऊन पडलंय, मर्टा! निघते मी."

मी म्हटलं, "अगं, इथे..." पण तिने ठेवून दिला. परत लावला तर लागेना. आता हिला काय म्हणायचं? जन्म इथे गेला. दुसऱ्या गावातलं ऊन बघून आपल्या गावाला निघायचं नसतं, हे हिनेच पोरांना शिकवलेलं. पण इथलीच माणसं फसतात. परका माणूस अंदाज ऐकून घरी बसतो. आम्ही डोकं वर करून आभाळ बघतो.

आर्मसने विचारलं, "निघाली?" मी मान हलवली. त्याने रेडिओचा आवाज मोठा केला.

ती पोचायची वेळ आली आणि गेली. बाहेर रस्त्यापलीकडचं माझं घर दिसेनासं झालं, मग रस्ता, मग अंगणातला खांबसुद्धा. वारा भिंतीला धडका देत होता. मी रस्तेखात्याच्या गॅरेजात फोन केला. तिथला माणूस म्हणाला, शेल्बी दुसऱ्या टोकाला आहे, वळली की घाटाकडे पाठवतो. रेडिओवर कोणीतरी म्हणालं, घाटाखाली एक गाडी खड्ड्यात दिसतेय. कसली गाडी, कोणाची, काही नाही. मग पुन्हा खरखर.

आर्मस उठला. चुलीजवळचं राख काढायचं फावडं उचललं. ते लपवायचं आम्हा दोघींपैकी कोणालाच सुचलं नव्हतं!

"कुठे निघालास?"

"गाडी उकरून काढतो. घाट मला पाठ आहे."

"दारापर्यंत पोचणार नाहीस तू!"

"सरक, मर्टा."

मला दुसरं काही सुचलं नाही. त्याचे बूट दाराशी होते, त्यांच्यावर मी बसले. चांगली भक्कम बाई आहे मी, फतकल मारून बसले.

"ऊठ."

"नाही उठत."

"मी मोज्यांवर जाईन."

"जा की! जा आणि अंगणात मरून पड. आणि ती आली म्हणजे तिला मी काय सांगू? याच्या गोळ्या आणायला गेली होतीस, आता त्या कोणाला देतेस, असं विचारू?" माझा आवाज फाटला. "माझी बहीण आहे रे ती. मला काय कमी काळजी आहे?"

तो फावडं धरून उभा राहिला. तोंड पांढरं पडलं होतं. मग फावडं खाली टेकवलं आणि खुर्चीत बसला. काही न करता. दोन्ही हात मांडीवर, डोळे रेडिओवर. एवढ्या वर्षांत मी त्याला वाऱ्याच्या वेळी असा बसलेला कधी पाहिला नव्हता. वारा वाढला की त्याची बोटं वळायची, मग पुन्हा उघडायची. एकदा म्हणाला, "किती वेळ झाला?" मी सांगितलं. लगेच पुन्हा म्हणाला, "किती वेळ झाला?"

शेवटी रेडिओवर शेल्बीचा आवाज आला. "खड्ड्यातली गाडी भलत्याच कोणाची, माणसं ठीक आहेत. आणि वर्नाकाकू चर्चच्या वळणावर थांबलेल्या सापडल्या. माझ्या मागे लावून आणतेय." मी मोठ्याने रडायला लागले. आर्मसने नुसते डोळे मिटले.

वर्ना आत आली ती डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. "अगं बाई, मर्टा, खाली का बसलीयस?"

आर्मस तिच्यावर तुटून पडला. "अक्कल गहाण टाकलीस? निघालीस कशाला?"

"तिथे ऊन होतं."

"ऊन होतं म्हणे! दुकानात बसून राहता येत नव्हतं? इथे माणूस..." आणि तो थांबला. तिला बाकावर बसवलं आणि पुढ्यात खाली बसून तिच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागला. नाड्या गोठलेल्या, गाठ सुटेना.

खाली मान घालूनच म्हणाला, "वर्ना, घरात हे असं असतं?"

"काय असं?"

"आतून. वाट बघायची. काही करता येत नाही."

"असंच असतं," वर्ना म्हणाली.

"मी बाहेर असायचो तेव्हा दर वेळी?"

"मग काय. वारा सुटला की."

"कधी बोलली नाहीस."

वर्नाने टोपी काढून मांडीवर ठेवली. ती रागावलीही नव्हती. "कधी बोलणार? तू यायचास, जेवायचास, झोपायचास, उठून परत जायचास. गॅरेजातून एक फोन केला असतास, आर्मस, तरी पुष्कळ झालं असतं. गॅरेजात फोन होता."

गाठ तशीच सोडून आर्मसने तिच्या बुटावर कपाळ टेकलं. मी उठले आणि कॉफी टाकायला गेले.