आजोबांची कूड

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर धाकटीने विचारलं, "आजी, आजोबा आता नाहीत, मग सर्व्हरवर त्यांचं नाव अजून कसं?" उत्तर नीट द्यावं म्हणून हे लिहिते आहे.

डिचोलीच्या घरातला जुना कॉम्प्युटर आणि नेटवर्कवर जोडलेली डिस्कची पेटी, हाच आपला सर्व्हर, आजोबांची निवृत्तीनंतरची हौस. तुम्ही दूर गेलात, तेव्हा म्हणाले, आपले फोटो परक्याच्या घरी कशाला ठेवायचे? घरातल्या प्रत्येकाला त्यांनी वेगळी जागा दिली. "चवथीला कसं, गणपती सगळ्यांचा एकच, पण निजायची कूड, म्हणजे खोली, ज्याची त्याची," असं समजावत. जो ज्या नावाने आत येईल, त्याला डिस्कवरचा त्याच नावाचा फोल्डर उघडायचा. दुसऱ्याचा दिसायचाच नाही.

"माझ्या कुडीला कुलूप कित्याक?" मी विचारलं.

"तुझ्या खतखत्याची कृती सुनेला मिळाली, तर तुला विचारील कोण?"

ते गेले. बाराव्याचे पाहुणे परतल्यावर तुमचा बाबा राहिलेली कामं उरकायला बसला. विजेच्या बिलावरचं नाव बदललं, आणि त्याच ओघात सर्व्हरवरून आजोबांचं नावही काढून टाकलं. मग त्याला आठवलं, तुमच्यासाठी त्यांनी बोलून ठेवलेल्या गोष्टी त्यांच्याच फोल्डरमध्ये होत्या. शोधलं, तर कुठेच दिसेनात.

"आई गे, पप्पांचा आवाज पुसलाय मी."

"रड मागीर. आधी सांग, डिस्क पुसलीस की नाव?"

"नाव."

"मग कूड आहे तिथेच. दार तेवढं गेलं. नाव परत घाल, होतं तस्सं."

त्याने घातलं, नवा पासवर्ड दिला, आणि त्या नावाने आत शिरला. फोल्डर उघडला. गणपतीवर टांगायच्या माटोळीला बांधायची कांगलां, ती रानफळं, लाटंबार्सेच्या डोंगरावर कुठे मिळतात, ते आजोबा सांगत होते. मागे पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजला आणि सुट्टीत आलेला थोरला, तेव्हा केवढासा, ओरडला, "आजोबा, उंडो!" गोष्ट तिथेच तुटली होती. बाबा आधी हसला, मग रडला.

नंतर तो फोल्डर आम्ही तुम्हा सगळ्यांना उघडा केला. ऐकता येतं, पुसता येत नाही. तो तुमच्यापर्यंत पोचतो तो आजोबांच्याच खात्यातून, म्हणून नाव ठेवलं आहे. कॉम्प्युटर आता नवा आहे, डिस्कही बदलली. गोष्टी सगळ्या आहेत, ती अर्धवटसुद्धा.