रविवारची पाळी

इथे जर्मनीत आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई पंचावन्नच्या पुढच्या, विधवा. टेकडीवरच्या एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला होत्या. एकदा जिन्यात त्यांनी मला पत्र दाखवलं. आबमानुंग, म्हणजे लेखी ताकीद. कारण, वारंवार उशीर. पुन्हा उशीर झाला तर नोकरी जाईल, असंही त्यात होतं.

मी त्यांच्यासमोर हळहळले. वर येऊन मात्र नवऱ्याला म्हणाले, "अर्धा तास लवकर उठायला काय होतं माणसाला?"

मी पुण्यात पहाटे उठून अभ्यास केलेली, इथे येऊन जर्मन शिकलेली, नेकारसुल्मला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर झालेली. कष्ट केले की मिळतं, यावर माझा ठाम विश्वास होता.

त्याच सुमारास गाडी भरधाव चालवल्याबद्दल माझा परवाना महिनाभरासाठी जमा झाला. चूक सगळी माझीच. भीत भीत बॉसला सांगितलं, तर तो हसला. "होतं असं. महिनाभर घरून काम कर." विषय संपला.

त्या महिन्यात एका रविवारी सासूबाई भारतातून येणार होत्या. नवरा दौऱ्यावर, म्हणून विमानतळावर मलाच जायचं होतं. स्टेशनपर्यंत जायला सकाळी बस शोधली, तर रविवारी पहिली बस आठला. शेवटी टॅक्सी बोलावली. दारात उभी होते, तेवढ्यात खालच्या बाई जाड बूट घालून बाहेर पडल्या.

"तुम्ही कशा जाता?" मी विचारलं.

"चालत. द्राक्षमळ्यातून तासभर लागतो. पाळी साडेसहाची."

मी त्यांना टॅक्सीत बसवलं. वाटेत विचारलं, "हे तिथे सांगितलंत का?"

"सांगितलं ना. म्हणाले, मग गाडी घ्या." थोडा वेळ त्या गुडघा चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "दोनदा मात्र मला खरंच झोप लागली होती. ते माझ्यावर. बाकीचे दिवस बर्फाचे होते."

त्यांनी एवढा चोख हिशेब द्यावा, आणि परवाना गेला तेव्हा माझ्याकडे कुणी हिशेब मागितलाही नव्हता. मला त्यांच्याकडे बघवेना.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघींनी बसून त्या ताकिदीला उत्तर लिहिलं. सोबत बसचं वेळापत्रक जोडलं, रविवारी पाळी उशिरा द्यावी अशी विनंती केली. पाळी बदलता येणार नाही, असं उत्तर आलं. परवाना परत मिळाल्यावर मी त्यांना काही रविवारी सोडलं. पण जानेवारीत आम्ही भारतात गेलो, आणि नेमका तेव्हाच बर्फ पडला. परत आलो तोवर त्यांची नोकरी गेली होती.

मी माफी मागितली, तर त्या उलट माझ्यावरच रागावल्या. "तुम्ही काय माझ्या ड्रायव्हर आहात?"

वसंतात त्यांना जवळच्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. तास कमी, पण रविवार मोकळा. तरीही त्यांनी हट्टानं नगरपालिकेला अर्ज केला, रविवारी सकाळी लवकर बस सोडा म्हणून. उत्तर घेऊन त्या वर आल्या. मी केलेला चहा घेत त्यांनी ते मला वाचून दाखवलं. त्या वेळेला पुरेसे प्रवासी नाहीत, असं लिहिलं होतं.

"प्रवासी नाहीत?" त्या म्हणाल्या. "आम्ही चौघी जणी चालत जायचो. तिघी अजूनही जातात."