पायाळूचा नवरा

माझी बायको पायाळू आहे. जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले, डोकं नंतर. हे आसगावला घडलं, तिच्या आईच्या माहेरी. सुईणीने अंगणात येऊन ही गोष्ट सांगितली तेव्हा बाळाच्या आजोबांनी गूळ वाटला, असं तिच्याकडची माणसं सांगतात. गावातलं आधीचं पायाळू माणूस म्हातारं होऊन वारलं होतं आणि जागा रिकामी होती. या माहितीला दुजोरा देणारं कुणी आता हयात नाही.

पायाळू माणसाचा पाय लागला की कंबरेत भरलेली उसण निघते, असा आमच्या भागातला समज आहे. ओझं उचलताना किंवा वाकताना कंबरेत एकदम कळ येते आणि माणूस सरळ होऊ शकत नाही, ती उसण. ती काढण्याची पद्धत साधी आहे. दुखणाऱ्याने ओट्यावर पालथं झोपायचं. पायाळूने उजव्या पायाची टाच दुखऱ्या जागेवर तीनदा टेकवायची. लोक त्याला लाथ म्हणतात, पण त्यात लाथेसारखं काही नसतं. उठल्यावर आभार मानायचे नाहीत आणि मागे वळून बघायचं नाही. पैसे घेतले तर गुण जातो, म्हणून कुणी देत नाही. दोन-चार दिवसांनी दाराशी शिंगाड्यांची पिशवी किंवा वांगी ठेवलेली दिसतात, तेवढंच.

लग्न होऊन ती कारध्याला आली तेव्हा ही बातमी तिच्या आधी पोचली होती. पहिल्याच रोवणीत आमच्या ओट्यावर माणसं यायला लागली. रोवणीत धानाची रोपं चिखलात लावतात, आणि हे काम दिवसभर ओणव्याने होतं. त्यामुळे येणाऱ्यांत बायका जास्त. बायको टाच टेकवायची आणि वर सांगायची, "आता दोन-तीन दिवस वाकायचं नाही. वाकलीस तर माहा पाय फुकट गेला म्हणून समज." हा हुकूम शेतमालकही मोडत नसे आणि सासूही. काही बायका फाटकापासून ओट्यापर्यंत ताठ चालत येताना मी पाहिल्या आहेत. त्यांनाही ती पाय द्यायची. एकदा मी विचारलं, "हिला खरंच उसण होती का?"

"तुमाले कायले पायजे?" ती म्हणाली. "पेपरात टाकता का?"

पायाळूवर वीज पडते असाही एक समज आहे. त्यामुळे आभाळ गडगडलं की माझी आई तिला हाक मारून घरात घ्यायची. "अवं, आत ये लवकर! तुह्यापायी घरावर पडंन." शेजारच्यांना हे बोलणं कठोर वाटायचं. वीज थांबेपर्यंत आई तिचा पदर मुठीत धरून बसायची, हे त्यांना दिसत नसे.

माझं दुखणं काही वर्षांपूर्वी गॅसचं सिलिंडर सरकवताना सुरू झालं. मी जिल्ह्याचा वार्ताहर. पूल ओलांडून भंडाऱ्याला कार्यालय, तिथून मोटरसायकलवर कधी पवनी, कधी मोहाडी. सुरुवातीला कंबर दुखायची. मग दुखणं डाव्या कुल्ल्यातून मांडीत आणि मांडीतून पोटरीत उतरलं. नागपूरच्या डॉक्टरांनी एमआरआय काढायला लावला. मणक्यांमधली एक गादी मागे सरकून नस दाबत होती. डॉक्टर मोजकं बोलणारे होते. अशी बरीच दुखणी ऑपरेशनशिवाय आटोक्यात येतात, व्यायाम करा, मोटरसायकल कमी करा, असं त्यांनी सांगितलं. पायातली ताकद कमी झाली तर मात्र थांबू नका, हेही सांगितलं. ते मी ऐकलं आणि विसरलो.

त्यानंतरची वर्षं पट्टा, गोळ्या आणि गरम पाण्याची पिशवी यांत गेली. मला अर्ध्या तासापेक्षा जास्त बसता येत नसे, म्हणून घरी असलो की मी उभ्याने बातम्या लिहायचो. लॅपटॉप ठेवायला योग्य उंचीची एकच जागा घरात होती, फ्रीजचा माथा. बायकोला दूध काढायचं असलं की ती "थांबा" म्हणायची. मी वाक्य अर्धं सोडून हात वर करायचो. ती दार उघडायची, दूध घ्यायची, दार लावायची आणि "लिहा" म्हणायची. सगळ्या जिल्ह्याच्या बातम्या काही वर्षं अशा निघाल्या.

आता प्रश्न असा होता की गावाची उसण काढणारी बाई घरात असताना मी पट्टा का लावत होतो. उत्तर सरळ होतं. बायकोने नवऱ्याला पाय लावायचा नसतो. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात आईने हे स्पष्ट केलं होतं. "साऱ्या गावाले दे. याले नको." चुकून धक्का लागला तरी बायको हात लावून नमस्कार करायची. कारध्यात तिच्या पायाला बंदी असलेला मी एकटाच होतो. पुलाजवळच्या चहाटपरीवर हा कायमचा विषय होता.

"भाऊ, बायकोनं लाथ मारली म्हणून रडणारे लय पाह्यले," टपरीवाला म्हणायचा. "मारत नाही म्हणून रडणारा तूच पयला."

"त्याचं नशीब पाह्य," बाकावरचा दुसरा म्हणायचा. "तरा घरापुढं आन् हा कोरडा."

तरा म्हणजे तळं. घरापुढे तळं असूनही मी तहानलेला, असं त्याचं म्हणणं.

दुखणं हटेना, तेव्हा डॉक्टरांनी ऑपरेशनचा पर्याय समोर ठेवला. घाई नाही, निर्णय तुमचा, असं ते म्हणाले. मी बातमीसाठी करतो तसं केलं, दोन्ही बाजू गोळा केल्या. करडीचे एक निवृत्त शिक्षक ऑपरेशननंतर सायकल चालवत होते. त्यांनी अंगणात एक फेरी मारून दाखवली. पवनी रस्त्यावरचा एक दुकानदार ऑपरेशननंतरही वर्षभर खाटेवर होता. त्याने कुशीवर वळूनही दाखवलं नाही. दोन्ही बाजू सारख्या वजनाच्या निघाल्या आणि मला ते सोयीचं होतं. मला मणक्याजवळ सुरी नको होती. भूल दिल्यावर जाग येईल ना, ही शंका मी कुणाला बोलून दाखवली नाही. आधी रोवणी होऊ द्या म्हणालो, मग दिवाळी, मग निवडणूक. बायको करा म्हणाली नाही, नका करू म्हणाली नाही. कणीक मळताना एकदाच तिने विचारलं, "निवडणूक संपली ना?" मी हो म्हणालो. ती पुन्हा मळायला लागली.

गेल्या श्रावणात एका संध्याकाळी मी किराणा घेऊन घरी आलो. ओट्यावर पिशवी ठेवली. माझ्या मागून बायको आली. ती शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. तिच्या हातात चिखल लागलेली एक चप्पल होती.

"हे कोणाची हो?"

"माझी दिसते," मी म्हणालो आणि खाली बघितलं. उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय अनवाणी होता, घोट्यापर्यंत चिखलाने भरलेला.

चप्पल तिला हातपंपाच्या वळणावर सापडली होती. तिथून घरापर्यंत मी एका चपलेवर आलो होतो आणि मला ते कळलं नव्हतं. बायकोने मला खुर्चीवर बसवलं. बादलीतलं पाणी घेऊन पाय धुतला. मग म्हणाली, "अंगठे वर करा." उजवा वर झाला. डावा मी वर केला असं मला वाटलं, पण तो जागचा हलला नव्हता. तिने तो बोटाने उचलून बघितला आणि सोडला. तो पडला. मग ती उठून चप्पल धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही नागपूरला गेलो. डॉक्टरांनी मला टाचांवर चालायला लावलं. डावं पाऊल फरशीवर चापट मारल्यासारखं पडत होतं. ते म्हणाले, "आता मी थांबा म्हणणार नाही. दुखणं कमी होईल असं मला वाटतं. पाऊल पूर्ण उचलता येईल की नाही, ते आज सांगू शकत नाही. जितकं लवकर, तितकं बरं. उद्यापर्यंत कळवा."

घरी आलो तेव्हा आई ओट्यावर वाट पाहत होती. बायकोने तिला डॉक्टरांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. तिने त्यातला एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही. आईने ऐकून घेतलं. मग ती खुर्ची धरून उठली, खुर्ची फिरवली, भिंतीकडे तोंड करून बसली आणि पदर डोळ्यांपर्यंत ओढला.

"दे वो माय, याले पाय," ती भिंतीला म्हणाली. "मी पाहून नाही राहिली."

मी कुणी सांगायची वाट बघितली नाही. शर्ट वर करून ओट्यावर पालथा झालो. मी त्यावर विश्वास ठेवत होतो का, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. फरशी गार होती. बायकोची पावलं माझ्या कानाजवळ येऊन थांबली.

"नाही देत," ती म्हणाली.

"अवं, मी म्हणून राहिली ना," आई म्हणाली. "पाप लागलं तर मले लागन. तुले नाही."

"पापाचं नाही, आई."

"मंग काहून?"

"मी पाय दिला आन् यायले चार दिवस बरं वाटलं, तं हे जातीन का नागपूरले? बरं तं वाटनच. साऱ्याईले वाटते." मग तिचा आवाज खाली आला, माझ्या दिशेने. "उठा. फरशीवर कायले झोपून राहिले? फोन लावा डाक्टरले."

मला पटकन उठता येईना. तिने हात दिला. मी उभा राहिलो आणि फोन लावला. मी तारीख ठरवेपर्यंत ती समोर उभी होती. आईने खुर्ची अजून फिरवली नव्हती. "झालं का?" तिने विचारलं. कशाबद्दल, ते तिने सांगितलं नाही.

ऑपरेशनच्या वेळी बायकोने माझ्या दोन्ही चपला प्लास्टिकच्या पिशवीत घालून मांडीवर ठेवल्या होत्या. सोबत आलेल्या तिच्या भावाने नंतर सांगितलं, की तिने ती पिशवी खाली ठेवली नाही, चहा पितानाही नाही. मला जाग आली. पोटरीतली कळ गेली होती. तिच्या जागी पाठीवर टाक्यांची आग होती, पण ती निराळी होती, ताजी. मी डावा अंगठा उचलून बघितला. बायको चादरीकडे बघत होती. चादर हलली नाही. "राहू द्या," ती म्हणाली. "आताच तं केलं."

गावात बातमी झाली. पायाळूचा नवरा नागपूरला जाऊन कंबर चिरून आला. टपरीवाला मला भेटायला घरी आला आणि बायकोला म्हणाला, "वहिनी, आता तुमचं गिऱ्हाईक तुटते." तसं झालं नाही. लोक येत राहिले. फरक एवढाच पडला, की आता ती प्रत्येकाला आधी बसवते आणि अंगठे वर करायला लावते. मग पाय देते. भाद्रपदात एका बाईला तिने पाय न देताच भंडाऱ्याच्या दवाखान्यात पाठवलं. त्या बाईची सासू दारात भांडायला आली. "पाय द्यायले काय जाते तुह्यं?" तिने विचारलं. माझी आई आतून ओरडली, "तिनं आपल्या नवऱ्याले नाही देला, तुह्या सुनेले कायले देईन?" भांडण तिथेच संपलं.

टाके निघाल्यावर व्यायाम सुरू झाला. पाऊल वर उचलायचं आणि त्यावर कुणीतरी वरून दाब द्यायचा. सुरुवातीला बायको खाली बसून हाताने दाब द्यायची. पण तिचे गुडघे धरायला लागले. मग तिने समोर खुर्ची ओढली, बसली आणि तिचा उजवा पाय माझ्या डाव्या पायाजवळ आणून थांबवला. तिने आईकडे बघितलं. आई सुपात लाखोळीची डाळ निवडत होती. तिने सूप उचललं, भिंतीकडे तोंड केलं आणि निवडत राहिली.

बायकोने पाय माझ्या पायावर ठेवला.

तेव्हापासून रोज सकाळी हे चालतं. तिची टाच खरखरीत आहे आणि वाटते त्यापेक्षा जड. बरेच दिवस ती "उचला" म्हणायची, मी "उचलतोय" म्हणायचो, आणि ती "कुठं?" विचारायची. धान पिवळं पडायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. एका सकाळी तिने विचारलं नाही. मी खाली बघितलं. तिचा पाय माझ्या पायासकट बोटभर वर आला होता. तो थरथरत होता आणि मग खाली बसला.

"काय झालं वो?" आईने भिंतीकडे बघतच विचारलं.

"काही नाही, आई," बायको म्हणाली. तिने पाय काढला नाही. आणखी जोर दिला. "हं. पुन्हा."