मीच लावत होते

अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, लग्न झाल्यापासून अमेरिकेत. तिला अंडाशयाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशननंतर तिने तिथल्या वकीलबाईंमार्फत पावडरमुळेच हा आजार झाला म्हणून टाल्कम पावडरच्या कंपनीवर दावा लावला. तसा बऱ्याच बायकांनी लावला होता. लहानपणापासून ती कुठली पावडर वापरत होती, हे सांगणारं कुणीतरी हवं होतं. आईशिवाय कोण सांगणार?

एका संध्याकाळी वकीलबाई व्हिडिओ कॉलवर आल्या. आई इथे आमच्या बनशंकरी भागातल्या घरात इस्त्रीची साडी नेसून बसली होती. एरवी ती फोनवर मोठ्याने बोलते. त्या दिवशी अगदी हळू बोलत होती. एकीचं बोलणं दुसरीला तिच्या भाषेत समजावत मी मधे बसले.

"मुलीला पावडर कोण लावायचं?"

"मीच लावत होते. रोज, न्हाऊ घातलं की."

"कुठे कुठे?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "हे पण सांगायचं?"

"सांग, आई."

"गळ्याला, काखेत, जांघेत. लंगोट बदलला की प्रत्येक वेळी. पुरळ येऊ नये म्हणून."

हे आपल्या फार उपयोगाचं आहे, असं वकीलबाई म्हणाल्या. मी ते आईला तसंच सांगितलं. "सरी," म्हणजे बरं, एवढंच बोलून ती आत गेली.

पुढे काही दिवस ती धड जेवली नाही. मग एका सकाळी भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुलाही लावत होते."

"सगळ्याच आया लावतात. आणि त्यानेच झालं असं डॉक्टरही ठामपणे सांगत नाहीत."

"नसतील सांगत. तू एकदा दाखवून ये."

महिनाभर माझं पोट फुगलेलं असायचं, दोन घासांत भरायचं. ऑफिसात बसून बसून होत असेल, असं मी धरून चालले होते. आईला काहीच सांगितलं नव्हतं.

आईला घेऊन दवाखान्यात गेले, तेव्हा सोनोग्राफी करणारी डॉक्टर माझ्याशी कन्नडमध्ये ट्रॅफिकबद्दल बोलत होती. बोलता बोलता थांबली. डाव्या बाजूला पुन्हा पुन्हा दाबून पाहू लागली. मग तिने मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. दोघी पडद्याकडे बघत राहिल्या. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

"रक्त तपासू," मोठ्या डॉक्टर म्हणाल्या. "रिपोर्ट आला की बोलू. येताना घरच्या कुणाला तरी घेऊन या."

अक्काचा दावा अजून कोर्टात तसाच पडून आहे. माझा रिपोर्ट सोमवारी येणार आहे. त्या दिवशी मी खोलीतून बाहेर आले तेव्हा बाकावर आई थांबली होती. काय म्हणाल्या, असं तिने विचारलं.

"गर्दी होती," मी म्हटलं. "सोमवारी परत बोलावलंय."


माझ्या हातातली पिशवी आईने स्वतःकडे घेतली आणि रिक्षाला हात केला.