कपाळावरची वेळ

काश्मीरमध्ये, कुपवाड्याच्या पुढच्या लष्करी चौकीवर मी नर्सिंग असिस्टंट होतो. नायक ज्ञानोबा ॲम्ब्युलन्स चालवायचा. मी अहमदपूरचा, तो भोकर तालुक्यातला. रोज सकाळी सहाला एकच ड्रिल. मांडीत गोळी लागली तर जखमेच्या वर पट्टा आवळायचा, रक्त थांबेपर्यंत. मग स्केचपेनने जखमीच्या कपाळावर टूर्निकेटचा, म्हणजे आवळलेल्या पट्ट्याचा, इंग्रजी टी आणि वेळ लिहायची. कागद हरवतो, कपाळ हरवत नाही. ती खूण दिसली की सर्जनशिवाय पट्ट्याला कोणी हात लावायचा नाही. जखमी कितीही ओरडला तरी नाही. ज्ञानोबा रेडिओवर कळवायचा, "टी टाइम झीरो सेव्हन टू फाइव्ह. कॉपी?" समोरून "कॉपी" आलं की निरोप नीट पोचला. अशी चार माणसं आम्ही खाली पाठवली. चारही जगली.

सतरा वर्षांत ज्ञानोबाला खरचटलंही नाही. गोळी लागली ती निवृत्तीनंतर, गावच्या स्वागत मिरवणुकीत. मी त्याच्याआधी निवृत्त झालो होतो, त्याच्यासाठी म्हणून गेलो. उघडी जीप, डीजे, डोक्यावर फेटा. जीपमध्ये त्याच्या शेजारी एक पुढारी उभे होते. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. सैनिकाचा मान म्हणून भाऊंनी परवान्याचं पिस्तूल काढलं. दोन गोळ्या आकाशात गेल्या. तिसरी, हात खाली येताना, ज्ञानोबाच्या मांडीत.

मी फेट्याचा पट्टा केला, झेंड्याची काठी मोडून पीळ दिला. फेटा पहिल्यांदाच कामाला आला. रक्त थांबलं. कपाळावर लिहिलं.

"उस्ताद, टाइम?" ज्ञानोबाने विचारलं.

"अकरा दहा."

"कॉपी," म्हणाला. हसलाही.

ॲम्ब्युलन्स आली, मी त्याच्याजवळ बसलो. वाटेतल्या दवाखान्यात सलाईन लागलं. नांदेडच्या सर्जनला फोन करायला मी बाहेर आलो. परतलो तर ॲम्ब्युलन्स निघून गेलेली. माझ्या जागी भाऊ आणि त्यांचा एक कार्यकर्ता बसून गेले होते. मी मोटारसायकलवर मागे निघालो.

नांदेडला स्ट्रेचर उतरवलं. ज्ञानोबाच्या अंगावर सत्काराची शाल, कपाळ स्वच्छ, मधोमध कुंकवाचा टिळा. शाल उचलली. खाली सगळं रक्त. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मान हलवली.

"पट्टा कोणी सोडला?" मी विचारलं.

"सोडला न्हाई काका, जरा ढिला केला," कार्यकर्ता म्हणाला. "लई कण्हून राहिले होते. पाय काळा पडला असता की."

"कपाळावर लिहिलं होतं."

"ते होय? फोटोत बरं दिसत नव्हतं, पुसलं. पण फौजी मात्र लई मोठ्या मनाचे. पट्ट्याला हात लावला की सारखा कपाळाकडं हात. भाऊंला सॅल्यूट करून राहिले होते."

पिस्तुलाची चौकशी चालू आहे. चालूच आहे.

शोकसभेत भाऊ म्हणाले, "अखेरच्या श्वासापर्यंत हा वीर मला सॅल्यूट करत होता." शोकसभेत टाळ्या पडलेल्या मी तिथेच पहिल्यांदा ऐकल्या. मी उठलो आणि माइकवर सांगितलं, की ज्ञानोबा पुसलेल्या जागेवर बोट ठेवत होता. पुढचं बोलायच्या आत माइक बंद झाला.

म्हणून राहिलेलं इथे लिहितो. नायक ज्ञानोबा. टी टाइम अकरा दहा.

कॉपी.