समोर सरका

गाडी सुरू करण्याआधी चाचा नेहमी मागे जायचे. मागच्या चाकाशी उकिडवे बसायचे, टायर आणि मडगार्ड यांच्या फटीत हात घालून वीत मावते का बघायचे. मावली तर न बोलता उठायचे. नाही मावली की तिथूनच म्हणायचे, "गाडी मागून बसली. बाई, मले भेव लागून राह्यलं."

असा ड्रायव्हर तुम्ही पाहिला आहे का? मी तोवर पाहिला नव्हता. ड्रायव्हरने एका हाताने गाडी हाकावी, दुसऱ्या हाताने खर्रा घोटावा आणि काही होत नाही म्हणावं, अशी आमची कल्पना. चाचा स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरायचे आणि भीती वाटते हे तोंडावर सांगायचे.

ते मूळचे अकोल्याचे. लग्नानंतर परतवाड्याला आले आणि राहिले. आमच्या बचत गटाची फिरती डाळ मिल त्यांच्या पिकअपमागे जोडलेली असायची. दोन चाकांची ट्रॉली, तिच्यावर छोटी मिल आणि डिझेल इंजिन. गावोगाव जायचं, दारात तुरीची डाळ करून द्यायची आणि संध्याकाळी परत. मी गटाची अध्यक्ष, म्हणून पुढे चाचांशेजारी बसायची. बाकीच्या बाया मागे हौद्यात.

ती वर्षं तुम्हाला आठवत असतील. पेपर उघडला की शेतकऱ्याने जीव दिल्याच्या बातमीत आपल्या भागातलं एखादं गाव असायचंच, आणि आम्ही आधी तालुका बघायचो, मग आडनाव. गटातली एकही बाई नवऱ्याला फार वेळ घरी एकटं सोडायला तयार नसे. कामात कुणाचा फोन वाजला की सगळ्यांचे हात थांबायचे. फोन म्हशीच्या दुधाबद्दल निघाला की हात पुन्हा चालू व्हायचे. याबद्दल आम्ही आपसात कधी बोललो नाही.

गाडी मागून बसण्याचा त्रास पहिल्या हंगामापासून होता. वेल्डरने जड इंजिन ट्रॉलीच्या अगदी पुढच्या टोकाला बसवलेलं, त्यामुळे सगळा भार हुकावर यायचा. पिकअपचं बूड खाली, नाक वर. संध्याकाळी हेडलाइट रस्त्यावर पडायच्या ऐवजी बाभळीच्या शेंड्यांवर पडायचे.

चाचांनी मेव्हण्याचं ऐकून मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एक जास्तीचा पाटा टाकून घेतला. गाडी दिसायला सरळ झाली, पण अशी उसळायला लागली की मिलचे नट ढिले झाले आणि बायांच्या कमरा धरल्या. स्टेअरिंग पुढून हलकं ते हलकंच. मग मी वेल्डरला गाठून इंजिन पार मागच्या टोकाला नेलं. तेव्हा ट्रॉली अमरावतीच्या रस्त्यावर गाईच्या शेपटीसारखी हलायला लागली. चाचांनी नांदगाव पेठेजवळ गाडी थांबवली आणि म्हणाले, "बाई, तुमचा इलाज माह्या मेव्हण्यापरीस भारी निघाला." शेवटी इंजिन चाकांच्या जरासं पुढे आलं, तेव्हा कुठे वीत मावायला लागली.

तरीही चाचा रोज मागे जाऊन बघायचेच. हौद्यात बाया मागच्या फळीपाशी गर्दी करून बसल्या की ओरडायचे, "समोर सरका." बाया हसायच्या. त्यांची नक्कल करण्यात गटातली पंचफुला पटाईत होती. नवऱ्यालाही ती जेवायला वाढताना समोर सरका म्हणायची.

त्या दिवशी आम्ही परतवाड्याच्या वर, घाटातल्या एका गावी गेलो होतो. काम झालं. तिथल्या लोकांनी डाळीची चुनी आम्हाला नेऊ दिली. त्या सालात कडबा कुठे दिसत नव्हता आणि चुनीवर जनावरं तगायची, त्यामुळे बायांना सोनं मिळाल्यासारखं झालं. पोती भराभर हौद्यात चढली, फळीच्या तोंडाशीच. पोत्यांना टेकून बाया बसल्या.

चाचा मागे गेले. "बसली," म्हणाले.

"चाचा, तुमाले त रोजच भेव लागते," पंचफुला म्हणाली. सगळ्या हसल्या. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. दिवस कलला होता. मी पुढे जाऊन बसले. ते गाडीत बसले.

उतार लागला आणि ट्रॉली मागून ढकलायला लागली. चाचा खालच्या गिअरवर होते. एका वळणावर त्यांनी स्टेअरिंग फिरवलं आणि गाडी सरळच गेली. क्षणभरच. पुढचे टायर रस्त्याला जेमतेम टेकलेले, ते वळायलाच तयार नव्हते. काचेतून मला रस्ता दिसला नाही, सागाचे शेंडे दिसले, तेही खालच्या बाजूला. मग टायरांनी रस्ता धरला, गाडी वळली. चाचांनी ती डोंगराकडेला घेतली आणि मी उडी मारून चाकाखाली दगड लावले.

चाचा उतरले. ते सरळ मागे गेले.

मागे बायांनी फळी उघडून ठेवलेली. सगळ्या काठावर, पाय बाहेर. प्रत्येकीने कोणत्या बाजूला उडी मारायची ते मनात ठरवलेलं दिसत होतं. त्या घाबरून मागे सरकत होत्या, तेवढं बूड खाली जात होतं, नाक वर येत होतं.

"समोर सरका," चाचा म्हणाले. "पोते बी समोर घ्या. कॅबिनले पाठ लावून बसा."

"अन् गाडी दरीत गेली त उडी कशी मारू?" पंचफुला म्हणाली.

पायी उतरा म्हणावं तर अस्वलांचा रस्ता. पोती टाका म्हणावं तर कुणी ऐकणार नव्हतं. चाचांनी पुन्हा सांगितलं. पंचफुला जागची हलली नाही. हळू आवाजात म्हणाली, "मले घरी जा लागते, चाचा. घरी ते एकटेच हायेत."

ती कशाला घाबरत होती हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. दरी त्यातली लहान भीती होती.

चाचांनी फळीला हात टेकला. "माह्या छातीपुढं स्टेरिंग हाये," ते म्हणाले, "अन् दरी माह्याच बाजूनं हाये. मले कुठं उडी मारता येते, बाई? मी बी घरीच जाऊन राह्यलो."

मी हौद्यात चढले आणि पहिलं पोतं कॅबिनकडे ओढलं. पंचफुलाने बघितलं, मग दुसरं टोक धरलं. पोती पुढे गेली. त्यांच्यावर आम्ही, कॅबिनला पाठ लावून, एकमेकींत अडकून. चाचांनी फळी बंद केली, कडी लावली आणि खाली वाकून वीत घातली. या वेळी ते काही न बोलता उठले.

तसं बसल्यावर पुढचं काही दिसत नाही. दिसत होती ती फक्त मिल. प्रत्येक उतारावर ती अंगावर येत असल्यासारखी, आणि आमच्यामध्ये फक्त तो हूक. पंचफुलाने माझं मनगट असं धरलं होतं की बांगडी रुतली. मी सोडवून घेतलं नाही.

कॅबिनच्या मागच्या खिडकीला काच नव्हती. वळण आलं की तिथून आवाज यायचा, "समोरच हायत ना साऱ्या?"

"हाव," आम्ही म्हणायचो.

पुढचं वळण. "समोरच हायत ना?"

"हाव."

परतवाड्याचे दिवे दिसेपर्यंत हे चाललं. खाली आल्यावर चाचा उतरले, मागच्या चाकाशी गेले, वीत घालून पाहिली आणि तिथेच बसून राहिले. पंचफुलाने टपरीवरून चहा आणून दिला.

"आता कायचं भेव, चाचा?"

"उद्याच्या खेपेचं."

पंचफुलाला दारात सोडलं तेव्हा तिचा नवरा ओट्यावर बसलेला होता. चुनीचं पोतं उतरवायला तो उठला. ती गाडीतून उतरायच्या आधी त्याच्याकडे नुसती बघत राहिली.

चाचा मागच्या उन्हाळ्यात गेले. घरी, दुपारी, पंख्याखाली झोपलेले असताना. दरीने त्यांचं काही केलं नाही.

आता आमच्याकडे तरुण ड्रायव्हर आहे. त्याच्या पिकअपचे पाटे भक्कम आहेत, बूड बसत नाही. तो एका हाताने गाडी हाकतो आणि मागे वळून कधी बघत नाही. परवा त्याच घाटातून उतरत होतो. पोती समोर, बाया कॅबिनला पाठ लावून, आणि मीही त्यांच्यातच, कारण त्या दिवसापासून मी पुढे बसत नाही. ते वळण आलं. माझे तळहात ओले झाले. खिडकीतून गाण्याचा आवाज येत होता, विचारलं कुणीच नाही.

माझ्याशेजारून पंचफुला हळूच म्हणाली, "हाव."